हातचा एक

सहाच्या आकड्यावरून पाय उचलून मी तोंडाने ‘तीन’ म्हटलं आणि पाय पडला साताच्या अंगावर. माझ्या बाबतीत असं होत नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. चव्वेचाळीस वर्षं दगडाचे नखाएवढे खडे जुळवून मी फरशा केल्या आहेत, आणि प्रत्येक फरशी ताब्यात देण्याआधी चपला काढून तिच्यावरून एकदा चालले आहे. डोळा फसतो, पाणसळ फसते, तळवा फसत नाही, असं आमचे वस्ताद म्हणायचे. वस्तादांची बरीच वाक्यं मी पुढे खोटी पाडली, पण हे एक राहिलं. म्हणून आज सकाळी नऊच्या सुमाराला, कॉलेजच्या नव्या गोल दालनात कुणी नसताना, मी चालत होते. अकराला उद्घाटन. बाहेर खुर्च्या मांडल्या जात होत्या आणि कुणीतरी माइकवर ‘एक दोन तीन, एक दोन तीन’ करून सगळ्यांचं डोकं उठवत होतं. आत पांढऱ्या फरशीवर काळ्या दगडाचे अठरा आकडे गोलाकार बसलेले, प्रत्येक माझ्या वितीपेक्षा थोडा मोठा. आणि मी सातावर उभी, जिथे तीन असायला हवा होता. क्षणभर वाटलं, फरशीच मला काहीतरी विचारते आहे आणि मला उत्तर येत नाहीये, शाळेत फळ्यापुढे उभं करायचे तसं.

संख्या दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, याच कॉलेजात पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला. नव्या दालनाच्या मध्यभागी काय असावं असं त्याला विचारलं तेव्हा कारंजं नको, पुतळा तर नकोच, एक संख्या बसवा, असं त्याने सांगितलं, आणि बसवायला माझी बहीण आहे असंही. ती संख्या अशी: १०५२६३१५७८९४७३६८४२. नुसती वाचली तर पत्ता नसलेल्या पाकिटासारखी वाटते. पण तिचा शेवटचा आकडा, तो दोन, उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवा. जी संख्या होते ती आधीच्या संख्येच्या बरोबर दुप्पट. कागद घेऊन करून पाहा, एका आकड्याचा फरक पडणार नाही. तिला गोल बसवलं की ती आणखी चळते. शून्यापासून वाचायला लागा आणि दोनाने, तिनाने, पार अठरापर्यंत कशानेही गुणा, हेच आकडे याच क्रमाने येतात, फक्त सुरुवात दुसऱ्या दारातून. एकोणिसाने गुणलं की मात्र सगळ्या आकड्यांचे नऊ होतात, अठराच्या अठरा, एका गणवेशात. आणि वर्तुळात समोरासमोर उभ्या असलेल्या कुठल्याही दोघांची बेरीज नऊ. एकासमोर आठ, शून्यासमोर नऊ, पाचासमोर चार. मी मध्यभागी जाऊन उभी राहिले आणि पाहिलं. दोनासमोर सात हवा, होता तीन. सहासमोर तीन हवा, होता सात. दोघांनी जागा बदलल्या होत्या. फरशीचा सातवा तुकडा, आमच्या भाषेत सातवा कागद. मी बसवलेला.

मला ही संख्या कळायला गणित शिकावं लागलं नाही, बेचा पाढा पुरला. तेरा वर्षांची होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दादाने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून पसरलं आणि म्हणाला, ये शेंडेफळ, तुला एक गंमत दाखवतो. दोन लिही. आता त्याच्या डावीकडे त्याची दुप्पट लिहीत जा. बे दुणे चार. बे चोक आठ. बे आठी सोळा, सहा लिही, हातचा एक. बे सक बारा आणि हातचा एक तेरा, तीन लिही, हातचा एक. बे त्रिक सहा आणि एक सात. मी जीभ बाहेर काढून लिहीत होते. हातचा कधी होता, कधी नव्हता, आणि आकडे उजवीकडून डावीकडे चालले होते, आपण वाचतो त्याच्या उलटे. अठरा आकडे झाल्यावर पुन्हा दोन आला, पाठोपाठ चार, आणि मी ओरडले, अरे हे तर पुन्हा तेच! दादा बावीस वर्षांचा होता, पण मी ओरडल्याचा आनंद त्याला माझ्यापेक्षा जास्त झाला. मग त्याने शेवटच्या आकड्याची गंमत सांगितली. हा शेवटचा उचलायचा, पुढे ठेवायचा, की आकड्यांचं सगळं घर दुप्पट. आई चुलीशी होती, ताई खोकत होती, तिला दमा होता, वडील कामावरून यायचे होते. मी विचारलं, ‘पण दादा, त्या दोनाला विचारलंस का? त्याला शेवटीच बरं वाटत असलं तर?’ सगळे इतके हसले की ताईला खोकल्याची उबळ आली. पुढे कित्येक वर्षं घरात कुणी काही हलवलं की दुसरा म्हणायचा, अरे, दोनाला विचारलंस का.

‘बाई, तुम्ही लवकर आलात.’ दारात इंजिनियर उभा होता, हातात फाइल, गळ्यात नवाकोरा टाय. चांगला आहे तो, पण फाइलवर त्याची फार श्रद्धा. मी म्हटलं, ‘साहेब, चूक आहे.’ तो हसला. मी गंमत करते असं त्याला वाटलं, कारण गेले चार महिने या इमारतीवर कुणाचीही चूक निघाली की गवंडी म्हणायचे, बाईंना दाखव, बाईंचा हात चुकत नाही. मी बोट दाखवलं. त्याने फाइल उघडली, एक कागद काढला आणि बोट ओलं करून आकडे मोजत फिरला. ‘एक्क्याऐंशी,’ तो म्हणाला. ‘बेरीज एक्क्याऐंशी. सरांनीच सांगितलं होतं, बेरीज एक्क्याऐंशी आली पाहिजे आणि नवाचा ताळा जुळला पाहिजे. मी तीनदा केली. सर स्वतः परवा येऊन गेले, त्यांनी केली. ही बघा सही.’ दादाची सही होती, टोकाशी गाठ मारल्यासारखी. मी म्हटलं, ‘बेरीज जुळेलच की. इकडे चार कमी, तिकडे चार जास्त. खुर्च्यांची अदलाबदल केली म्हणून माणसं कमी होतात का?’ त्याने पुन्हा कागदाकडे पाहिलं, मग फरशीकडे, मग घड्याळाकडे, आणि घड्याळच त्याला सगळ्यात खरं वाटलं असावं. आवाज खाली आणून म्हणाला, ‘बाई, एक सांगू? हे फक्त तुम्हाला कळलंय. आता मला. एवढे लोक येणार, गुणाकार करत कोण चालणार आहे?’ त्याचं खोटं नव्हतं. दाराशेजारी पितळी पाटी लागली होती, तिच्यावर वर दादाचं नाव, संख्येसाठी, आणि खाली माझं, कामासाठी. आमची दोघांची नावं एका ठिकाणी याआधी फक्त शिधापत्रिकेवर होती. मी गप्प राहिले असते तर पाटी तशीच राहिली असती, दादाची सही तशीच, माझा हातही तसाच.

मी त्याला जा म्हटलं आणि बसले, तीन आणि सात यांच्या मध्ये. चूक झाली याचं मला तितकं वाटत नव्हतं जितकं ती कशी झाली याचं. आमच्या कामाची रीत अशी: खडे जमिनीवर नाही, कागदावर बसवायचे. जाड कागदाला खळ लावायची आणि त्यावर खडे तोंडावर पालथे चिकटवायचे. मग तो अख्खा कागद उलटा करून ओल्या सिमेंटवर दाबायचा, कागद भिजवून सोलून काढायचा, आणि खड्यांची तोंडं वर. म्हणजे बसवताना सगळं आरशातल्यासारखं. उजवं डावीकडे, डावं उजवीकडे. कागदावर उलटा तो जमिनीवर सुलटा, हे वस्तादांचं दुसरं वाक्य. या कामाचे नऊ कागद केले, एकेका कागदावर दोन आकडे. सातव्यावर सात आणि तीन. नियमाप्रमाणे तीन डावीकडे हवा होता, सात उजवीकडे, दोघेही आरशातले. आकडे मी आरशातलेच केले, पण जागा दिल्या वाचतो तशा. अर्धा जीव उलटा, अर्धा सुलटा. शिकाऊ माणूसही अशी चूक करत नाही, तो सगळंच सुलटं करतो आणि रडतो. ही चूक फक्त त्याच माणसाकडून होते ज्याचे हात काम करतायत आणि डोक्यात त्या वेळी कुणीतरी दुसरंच काहीतरी वाचून दाखवतंय. मग मला आठवलं ते कोण.

सातव्या कागदाच्या दिवशी दादा आमच्या फरश्यांच्या कारखान्यात आला होता. दुपारी, जेवण झाल्यावर, मी खिडकीपाशी बसले होते, चिमट्याने काळे खडे लावत. तो समोर उभा राहिला, हात मागे बांधून, वर्गात उभा राहतो तसा. मग म्हणाला, ‘तुला शाळेतून काढायला नको होतं. माझी चूक झाली.’ चव्वेचाळीस वर्षांनी. मी मान वर न करता म्हटलं, ‘दादा, उजेड अडवू नकोस,’ आणि तो बाजूला झाला. थोड्या वेळाने गेला. मी त्या दिवशी कागद पूर्ण करूनच उठले आणि घरी जाऊन नीट जेवले, झोपलेही. मला वाटलं होतं, मी ते वाक्य बाजूला सारलं. सारलं नव्हतं. त्या कागदात चिकटवलं होतं.

कारण माझी गोष्ट वेगळी होती आणि ती मी इतक्यांदा सांगितली होती की तिला पॉलिश चढलं होतं. वडिलांच्या पाठीवर कारखान्यात लोखंडाची पट्टी पडली, ते अंथरुणाला खिळले, आता कमवायला कोण जाणार असा घरात प्रश्न आला आणि नववीतली मी उभी राहून म्हणाले, मी जाते. दादाचं शेवटचं वर्ष, ताईची छाती अशी, मग मीच. ऐकणारे म्हणतात, केवढीशी होतीस, आणि मी म्हणते, केवढीशी होते म्हणूनच, बोटं बारीक लागतात या कामाला. गोष्ट खोटी नाही. ‘मी जाते’ असं मी म्हणाले होते. पण त्याआधी काय झालं ते मी गोष्टीत घेत नाही. त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा आई आणि दादा टेबलाशी बसले होते आणि मी आल्यावर बोलणं थांबलं. टेबलावर माझं दप्तर ठेवायची जागा होती तिथे एक पुडकं होतं. आई म्हणाली, ‘उघड.’ आत खाकी कापडाचा झगा होता, कामावर घालायचा, माझ्या मापाचा. बाह्या तिने आधीच आखूड केल्या होत्या, टाके अगदी बारीक, बारीक टाक्यांना वेळ लागतो. दादा खिडकीबाहेर बघत होता. तेव्हा मी म्हणाले, मी जाते. आता सांगा, झगा शिवून झाल्यावर दुसरं काय म्हणतात? पण पुढचंही तितकंच खरं की मला ते काम आवडलं. पहिल्याच महिन्यात वस्ताद म्हणाले, या पोरीच्या हातात काहीतरी आहे. मी बँकेच्या, इस्पितळाच्या, नाट्यगृहाच्या फरशा केल्या, लोक माझ्या पानाफुलांवरून चालत गेले, बावीस माणसं माझ्या हाताखाली शिकली. माझं आयुष्य वाया गेलं असं कुणी म्हटलं तर मी त्याला दारापर्यंत पोचवून येईन. म्हणूनच दादाचं ते वाक्य मला लागलं. तो माफी मागत होता आणि मला ऐकू आलं की चव्वेचाळीस वर्षं चुकीच्या जागी बसली. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असणार, हे हातांना कळलं नाही. त्यांनी अर्धं उलटं केलं, अर्धं सुलटं.

मी उठले, पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली आणि तिनाच्या कडेची पितळी पट्टी सैल करायला घेतली. प्रत्येक कागदाभोवती अशी पट्टी आहे, त्यामुळे शेजारच्यांना धक्का न लावता तेवढा तुकडा निघतो. पहिल्या ठोक्याला इंजिनियर धावत आला, दुसऱ्याला त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले, तिसऱ्याच्या वेळी मागून दादाचा आवाज आला, ‘काय चाललंय?’ तो उद्घाटनाच्या कोटात होता, पांढरे केस पाणी लावून बसवलेले. मी म्हटलं, ‘दादा, दोनापासून उलटा चाल. पाढा म्हण.’ त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काहीही न विचारता बूट काढले. बे दुणे चार. बे चोक आठ. बे आठी सोळा, सहा, हातचा एक. बे सक बारा आणि एक तेरा, तीन... तो थांबला. त्याचा पाय सातावर होता. मी त्याचा पाय पाहत होते, चेहरा नाही. मोज्याला अंगठ्याशी रफू केलेलं होतं. मग तो म्हणाला, ‘मी परवा नुसती बेरीज केली गं. मला घाई होती. ही संख्या आणि मी नुसती बेरीज केली.’

‘बेरीज जुळते रे,’ मी म्हटलं, ‘पण ती फिरत नाही.’

तो खाली बसला, कोटासकट. बसताना गुडघा वाजला, आम्ही दोघांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग मी त्याला सांगितलं, सातवा कागद कुठल्या दिवशी केला ते. लपवायचं म्हटलं असतं तर जमलं असतं, खळ ओली होती, नजर चुकली, काहीही. पण फरशी फोडल्यावर खोटं कशाला बोलायचं. तो ऐकत होता, हातात एक काळा खडा फिरवत. म्हणाला, ‘म्हणजे तुला राग होता.’ मी म्हटलं, ‘असेल. मला आजच कळलं. आता तो खडा दे इकडे.’

कागद करायला वेळ नव्हता. खळ सुकेपर्यंत पाहुणे परत घरी गेले असते. म्हणून मी जुना चुरा खरवडून काढला, लवकर आवळणारं सिमेंट कालवलं आणि खडे थेट बसवायला घेतले, तोंड वर करून. वस्ताद याला कच्चा हात म्हणायचे. मी हे कधी केलंच नव्हतं. हात आधी अडखळले. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी बसवत असलेला आकडा मला तो आहे तसा दिसत होता, साताची मान उजवीकडे, तिनाची दोन्ही पोटं डावीकडे उघडी. दादा समोर बसून खडे देत होता, एक काळा, दोन पांढरे, मी सांगेन तसे. मधेच चुकत होता आणि मी त्याला ओरडत होते. ‘काळा म्हटलं ना? प्राध्यापक कुणी केलं तुला?’ इंजिनियरने ते ऐकून तोंड फिरवलं. सात उभा राहिला. मग तीन. फळी ठेवून मी वरून हलकेच ठोकत होते, तेव्हा दादा म्हणाला, ‘तू विचारलं होतंस. दोनाला विचारलं का म्हणून. आम्ही हसलो. आणि वर्षाने तेच केलं. झगा शिवायचा ठरला तेव्हा मी आईला म्हणालो होतो, तिला विचारू या. आई म्हणाली, तिला विचारलं तर ती हो म्हणेल, मग ते तिच्या गळ्यात पडेल. त्यापेक्षा आपणच ठरवू, म्हणजे पाप आपल्याकडे. मला ते पटलं. मला ते सोयीचं होतं.’

हे मला माहीत नव्हतं. आईचं हे वाक्य मी आधी ऐकलं असतं तर कदाचित तिला मरेपर्यंत जरा बरं वागवलं असतं. हातोडी हातात तशीच राहिली. बाहेर माइक आता सुरळीत बोलत होता. मी विचार केला, खरंच विचार केला, कारण दादाने माझ्याकडे खोटं उत्तर मागितलं नव्हतं. झगा नसता, पुडकं नसतं, आई म्हणाली असती, बाळ, असं असं आहे, काय करू या? मी काय म्हटलं असतं? मला उत्तर शोधावं लागलं नाही.

‘विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं,’ मी म्हणाले. ‘आणि मी चांगल्या जागी गेले, दादा, ते तू चूक म्हणू नकोस. घर दुप्पट झालं, मीही झाले. पण विचारायला हवं होतं.’

‘हो,’ तो म्हणाला. ‘विचारायला हवं होतं.’

डोळे पुसायला त्याने हात वर नेला आणि कपाळाला सिमेंट लागलं, मी पदराच्या टोकाने ते पुसून काढलं, लहान मुलाचं पुसतात तसं जरा खरखरून. अकराला पाच कमी होती. दारातून पाहुण्यांच्या चपलांचा आवाज येऊ लागला, आणि इंजिनियर फाइल छातीशी धरून आत आला, टाय वाकडा. त्याने फरशीतल्या ओल्या चौकोनाकडे पाहिलं, दादाच्या मोज्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘सर, सगळे आलेत. आत सोडू, का कार्यक्रम पुढे ढकलू? तुम्ही सांगाल तसं.’

दादा फरशीवरून उठला नाही. त्याने माझ्याकडे बोट केलं.

‘मला नका विचारू,’ तो म्हणाला. ‘तिला विचारा.’

इंजिनियर माझ्याकडे वळला. मी तळवा तिनाच्या शेजारी टेकवला. सिमेंट थंड होतं, आवळायला लागलं होतं, पण अजून आवळलं नव्हतं.

‘अर्धा तास,’ मी म्हणाले. ‘अर्धा तास थांबा म्हणावं. आणि आत येताना चपला काढून.’